तेल लेनवर, नियम बॉलवर : टेनपिनमधल्या बॉलनिवडीची पार्श्वभूमी

सोलापुरात बोलिंग म्हटलं की आधी क्रिकेटचं पार्क मैदानच डोळ्यांपुढे येतं. पण नोकरीसाठी पुण्याला-हैदराबादला गेलेली आपली पोरं सुट्टीच्या दिवशी टेनपिनच्या, म्हणजे बॉल घरंगळवून दहा पिना पाडायच्या खेळाच्या, लेनवर जातात, आणि त्यातली काही स्वतःचा बॉल घ्यायचं मनावर घेतात. या लेनवर तेलाचा पातळ थर देतात, त्यामुळे एक प्रश्न हमखास आडवा येतो : लेन ऑइली की ड्राय, आणि त्यावर बॉल कोणता?

तेल मुळात खेळासाठी नव्हतंच. लेन लाकडाची असायची. बॉल जिथे आदळतो तिथे मेपल, पुढे पाइन. सव्वासात किलोपर्यंतचा बॉल दिवसभर त्याच पट्ट्यावरून घासत गेला की लाकूड झिजायचं. मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ देतात ती सूत घासून तुटू नये म्हणून. तेलाचंही काम तेवढंच. बॉल आधी लिग्नम व्हायटी या जड लाकडाचे होते, १९०५ च्या सुमारास कडक रबराचे आले. निवडीला फारसा वाव नव्हता.

गणित बदललं ते लेनवरच्या लेपामुळे. जुना लॅकर चटकन पेट घ्यायचा, म्हणून पॉलियुरेथेनचा कडक लेप आला आणि त्यावर रबरी बॉल नुसता घसरायला लागला. तोवर पॉलिएस्टरचे, म्हणजे बोलीभाषेतले प्लास्टिकचे बॉल आले होते. पकड हवी तर बॉल मऊ हवा, हे खेळाडूंच्या लक्षात आलं. १९७३ मध्ये एका अमेरिकन व्यावसायिक खेळाडूने पॉलिएस्टरचा बॉल तीव्र द्रावणात भिजवून त्याचं कवच मऊ केलं आणि त्या एका मोसमात सहा किताब जिंकले. मग काय, बादल्याच भरल्या! हे द्रावण ज्वालाग्राही, वर त्याचा वासही उग्र. दोन-तीन वर्षांत बॉलच्या किमान कठीणपणाचे नियम आले. व्यावसायिकांसाठी ड्युरोमीटरवर, म्हणजे कठीणपणा मोजायच्या यंत्रावर, ७५, इतरांसाठी ७२.

या निर्णयावरचा वाद खरं तर अजून मिटलेला नाही. नियामकांची बाजू अशी की, मर्यादा नसेल तर कौशल्यापेक्षा रसायन जिंकेल. त्यात तथ्य आहेच. पण मर्यादा घातली ती फक्त कठीणपणावर. कंपन्यांनी मग कवच कडक ठेवूनच पकड वाढवली. १९८१ मध्ये युरेथेनचा बॉल आला आणि नव्वदीच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिनचा. रिॲक्टिव्ह बॉलच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात. तो तेल पितो आणि कोरड्या भागात आला की जोरात वळतो. ड्युरोमीटर याबद्दल काही सांगत नाही. बॉल तेल पितात म्हणून हॉलवाले जास्त तेल घालू लागले, आणि जास्त तेलासाठी कंपन्यांनी आणखी जोरकस बॉल काढले. या शर्यतीचा खर्च खेळाडूच्या खिशातून गेला. तेलाला वेळीच लगाम घातला असता तर सहा-सहा बॉलची बॅग ओढत न्यावी लागली नसती, असं माझं मत.

२०२२ मध्ये तोच वाद पुन्हा उफाळला. एका लोकप्रिय जांभळ्या युरेथेन बॉलच्या २०१६-१७ मधल्या उत्पादनाला अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पर्धांतून बाद केलं, कारण मोजणीत तो मर्यादेपेक्षा मऊ निघाला. पाठोपाठ दुसऱ्या एका कंपनीचे बॉलही अडकले. दुकानातून रीतसर विकत घेतलेला बॉल कपाटात पडून राहिला, तो खेळाडूचा. त्याआधीच, ऑगस्ट २०२० पासून, बोटं न घालता नुसतं वजन साधण्यासाठी पाडलेलं जास्तीचं छिद्रही बंद झालं होतं.

निवडीचा आजचा रिवाज याच वळणांतून आला. तेल दाट असेल तर खरखरीत घासलेला रिॲक्टिव्ह, कमी असेल तर पॉलिश केलेला किंवा युरेथेनचा, आणि कोपऱ्यातली एकटी पिन पाडायला प्लास्टिकचा, कारण तो सरळ जातो. घासण्याच्या पॅडचे आकडे बहुधा ५०० पासून ४००० पर्यंत असतात. आकडा लहान तितका पृष्ठभाग खरखरीत. स्पर्धेत तेलाचा नकाशा बहुधा आधी मिळतो. तेलाच्या पट्ट्याच्या लांबीच्या फुटांतून ३१ वजा करायचे, म्हणजे बॉल लेनच्या कडेपासून कितव्या फळीजवळून वळवायचा त्याचा अंदाज येतो. तेल ४१ फूट असेल तर दहावी फळी.

मॉलमध्ये असा नकाशा कोणी देत नाही. तिथे बॉल परत आला की पुसायच्या आधी त्यावरचं तेलाचं कडं बघावं. हूक देऊन, म्हणजे पुढे वळेल असा फिरवून, टाकलेल्या रिॲक्टिव्ह बॉलवर कडी एकमेकांपासून सरकलेली दिसतात, आणि कवच तेल पीत असल्यामुळे थोड्या वेळात ती फिकी पडतात. प्लास्टिकच्या बॉलवर बहुधा एकच कडं असतं आणि ते पुसेपर्यंत तसंच राहतं. कडं पुसटसंच उमटलं तर त्या पट्ट्यातलं तेल उडालं आहे असं समजावं आणि उभं राहायची जागा थोडी बदलून बघावी. अशा लेनवर महागडा रिॲक्टिव्ह लवकर वळून भरकटतो. त्यामुळे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन पहिलाच बॉल घेणार असाल, तर आपल्या बोटांच्या मापाने छिद्रं पाडलेला साधा प्लास्टिकचा घ्या.