दहशतवादी हल्ल्यानंतरचे नागरी मदतकार्य (मुंबई, ११ जुलै २००६)

दहशतवादी हल्ला झाल्यावर जवळपासची सामान्य माणसे जखमींना आणि मृतांच्या नातेवाइकांना जी मदत करतात, ते नागरी मदतकार्य. मुंबईला असे प्रसंग अनेकदा अनुभवावे लागले. त्यांतील उपनगरी रेल्वेतील साखळी स्फोटांचा प्रसंग ‘सेव्हन इलेव्हन’ म्हणून ओळखला जातो.

मंगळवार, ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले. सर्व स्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड या परिसरांत मिळून १८०हून अधिक प्रवासी मरण पावले आणि ८००च्या वर जखमी झाले.

पहिल्यांदा धावले ते रुळांलगतच्या वस्त्यांमधले लोक आणि वाचलेले प्रवासी. स्ट्रेचर नव्हते, म्हणून घरातल्या चादरी आल्या. जखमीला चादरीत घ्यायचे, चौघांनी चार टोके धरायची आणि खडीवरून ठेचकाळत रस्ता गाठायचा. तिथून पुढे मिळेल त्या वाहनाने रुग्णालय. त्या चादरींचा हिशेब कुणी ठेवला नाही, परतही कुणी मागितल्या नाहीत.

मोबाइलचे जाळे कोलमडले होते. ‘घरी पोचलास का?’ एवढे विचारायलाही फोन लागत नव्हता. वृत्तवाहिन्यांनी पडद्याच्या तळाशी जखमींची माहिती आणि नातेवाइकांचे निरोप फिरवायला सुरुवात केली. बेस्टने जादा बस सोडल्या.

रुग्णालयांत रक्तदानासाठी लोकांची रीघ लागली. अशा वेळी रक्तपेढीपुढचा पेच वेगळाच असतो. साठवलेल्या लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, बिंबिका (प्लेटलेट) जेमतेम पाच दिवस. सगळ्यांनी एकाच दिवशी रक्त दिले, तर पुढच्या महिन्यातल्या शस्त्रक्रियांना ते मिळेलच असे नाही. नाव आणि रक्तगट नोंदवून, बोलावणे आल्यावर येणारा दाता अधिक उपयोगी पडतो. पण त्या संध्याकाळी हात हलवत परत जाणे कुणाला जमणार?

स्फोटाची एक इजा सहज नजरेतून सुटते. दाबाच्या लाटेने कानाचा पडदा फाटतो. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला समोरच्याचे बोलणे ऐकूच येत नाही आणि तो भांबावला आहे असे वाटते. त्याच्याशी समोर उभे राहून बोलावे, गरज पडल्यास कागदावर लिहून दाखवावे आणि त्याला एकटे सोडू नये. काय झाले ते पुन्हापुन्हा वदवून घेऊ नये. तो आपणहून सांगू लागला, तर ऐकावे.

लोकल पुन्हा धावू लागल्या, माणसे कामावर गेली आणि ‘मुंबई स्पिरिट’चे गोडवे सुरू झाले. या कौतुकात एक सोयीस्कर विसर आहे. हातावर पोट असलेल्याला घरी बसण्याची चैन नसते, आणि शहर ‘सावरले’ म्हटले की न सावरलेल्यांची विचारपूस थांबते. आठवड्याने, १८ जुलैला, स्फोटाच्याच वेळी भोंगे वाजले आणि दोन मिनिटे शांतता पाळली गेली. त्यानंतरची वर्षे मात्र कागदपत्रांची होती. रेल्वे कायद्यानुसार गाडीतील दहशतवादी कृत्यासाठी नुकसानभरपाई मिळते. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करावा लागतो. मृत्यूसाठीची रक्कम तेव्हा ४ लाख रुपये होती, २०१७ पासून ती ८ लाख झाली. कमावता माणूस गेलेल्या घरात अर्ज भरून देणारा, तारखेला सोबत जाणारा शेजारी हीसुद्धा या मदतकार्याची बाजू आहे. तिची छायाचित्रे निघत नाहीत.

विसर हा या काळातला एक धोका, तर निरपराधांवर जाणारा संशय हा दुसरा. खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात न पाठवता, हा निकाल इतर खटल्यांत पूर्वदाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. त्या बारांपैकी एकाचा उच्च न्यायालयाच्या निकालापूर्वीच तुरुंगवासात मृत्यू झाला होता.