फिरती सफारी (आफ्रिका)

पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील वन्यजीवदर्शनाचा एक प्रकार. यात पाहुणे एका बांधीव निवासात न राहता तंबूंच्या तळासह अरण्यात मुक्काम बदलत जातात. बोट्स्वाना, टांझानिया, केन्या व झँबिया या देशांत हा प्रकार विशेष रुजला आहे. ‘फिरती’ हे विशेषण व्यवसायात सैलपणे वापरले जाते. काही तळ दर तीन-चार दिवसांनी पाहुण्यांबरोबर हलतात, तर काही स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांच्या कळपांमागोमाग वर्षातून दोन-तीनदाच जागा बदलतात. दुसऱ्या प्रकाराला हंगामी तळ म्हणणे अधिक योग्य. या नोंदीत मुख्यतः पहिल्याचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती : स्वाहिली भाषेत ‘सफारी’ म्हणजे प्रवास, कोणताही प्रवास. मूळ शब्द अरबी ‘सफर’. तोच फार्सीतून मराठीत सफर व मुसाफिर या रूपांत आला. इंग्रजीत हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः इंग्रज संशोधक-प्रवासी रिचर्ड बर्टन यास, त्याच्या १८५७–५९ च्या पूर्व आफ्रिकेतील मोहिमेनंतरच्या लेखनामुळे, दिले जाते. सफारीच्या बोलीत मराठी वाचकाला ओळखीचे आणखी शब्द भेटतात. ‘गारी’ (वाहन) हा आपला ‘गाडी’च होय. ‘अस्कारी’ (पहारेकरी) अरबीतून आला असून त्याचे मूळ, बहुतेकांच्या मते, ज्या फार्सी शब्दापासून ‘लष्कर’ आला त्यातच आहे.

उगम : याविषयी मतभेद आहेत. शिकारविषयक इंग्रजी लेखनात विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस (१८०७–४८) हा आद्य सफारीकर्ता मानला जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्स दलातील हा अधिकारी आजारपणाच्या रजेवर केपला (आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला) गेला आणि १८३६ मध्ये बैलगाड्यांचा तांडा घेऊन उत्तरेकडे निघाला. मागालीसबर्ग डोंगरांत त्याने मारलेला काळा, वळणदार शिंगांचा सेबल कुरंग शास्त्रज्ञांना तोवर अपरिचित होता. प्रवासवृत्त १८३८ मध्ये मुंबईत छापले गेले. हॅरिसचा मृत्यू पुण्याजवळ झाला. तो मुंबई फौजेतला असल्याने आफ्रिकेतील सफारी ही हिंदुस्थानातील शिकार-छावणीची शाखा होय, असेही सुचवले जाते. तंबू, खानसामा व नोकरवर्ग यांतील साम्य उघड आहे. मात्र साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.

हॅरिसचा प्रवास दक्षिणेतला आणि बैलगाडीचा. ‘सफारी’ हा शब्द व तिची रचना पूर्व किनाऱ्यावरची. किनाऱ्यावरच्या बागामोयोहून ताबोरामार्गे टांगानिका सरोवराकाठच्या उजीजीपर्यंत जाणाऱ्या हस्तिदंताच्या तांड्यांत न्यामवेझी व स्वाहिली ओझेकरी सुमारे ३० किलो भार डोक्याखांद्यावर वाहत. पुढे ‘किरांगोझी’ हा वाटाड्या चाले. मजल, मुक्काम व शिधावाटप यांचे नियम ठरलेले असत. युरोपीय प्रवाशांनी ही चालती व्यवस्था जशीच्या तशी भाड्याने घेतली. म्हणून उगम तांड्यांत शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते. या तांड्यांची दुसरी बाजू गुलामांच्या व्यापाराशी जोडलेली होती, हेही येथेच नोंदवले पाहिजे.

या व्यवस्थेत राबलेल्यांपैकी थोड्यांचीच नावे उरली आहेत, आणि त्यांतील काहींचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. याओ जमातीत जन्मलेला सिदी मुबारक बॉम्बे लहानपणी गुलाम म्हणून पश्चिम भारतात आणला गेला. मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त होऊन तो झांझिबारला परतला. बर्टन, स्पीक, स्टॅन्ली व कॅमरन या चौघा संशोधक-प्रवाशांच्याही मोहिमांत तो होता. नाशिकजवळच्या शरणपूर मिशनमध्ये गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत. त्यांपैकी नऊ तरुण १८६६ मध्ये ब्रिटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर गेले. नंतरच्या तुकडीतून आलेला जेकब वेनराइट हाही नाशिकचाच. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत ही मंडळी होती. सफारीच्या इतिहासात त्यांना पाहुण्यांच्या बरोबरीने जागा मिळायला हवी; बहुतेक ग्रंथांत ती मिळत नाही.

पुढील वाटचाल : मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १९०१ मध्ये, बव्हंशी भारतीय मजुरांच्या श्रमाने, पुरा झाला आणि नैरोबी हे सफारीचे केंद्र बनले. अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच्या १९०९–१० च्या सफारीत अडीचशेच्या आसपास ओझेकरी होते. संग्रहालयासाठी वनस्पती-कीटकांसह सुमारे २३,००० नमुने गोळा झाले. मोटार आल्यावर ओझेकरी गेले, तंबू राहिले. १९७७ मध्ये केन्याने शिकारीवर बंदी घातली. तत्पूर्वीच, १९६३ मध्ये, हॅरी सेल्बीसारखा नामांकित व्यावसायिक शिकारी तेव्हाच्या बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोट्स्वानात, गेला होता. तेथे माउन या गावाभोवती फिरत्या तळांची परंपरा घडली.

तळ : एका खेपेस बहुधा सहा ते आठ पाहुणे असतात. वाटाड्या, स्वयंपाकी, वाढपी व तंबू उभारणारे मिळून जवळपास तितकेच कर्मचारी असतात. पाहुणे पहाटे उघड्या जीपमधून निघाले की मागे तळ उतरवला जातो, मालट्रक थेट रस्त्याने पुढे जातो आणि संध्याकाळी पाहुणे पोहोचतात तेव्हा तेच तंबू, त्याच क्रमाने, नव्या नदीकाठी उभे असतात. वाटेतला दिवसभराचा प्रवास हीच वन्यजीवदर्शनाची फेरी. चैनीचा अर्थ येथे वेगळा आहे : स्वच्छ चादरी, बर्फ, वेळेवर ऊन पाणी. अंघोळीसाठी निखाऱ्यावर तापवलेले सुमारे २० लिटर पाणी कॅनव्हासच्या बादलीत ओतून ती कप्पीने झाडावर चढवतात. खालच्या झारीची तोटी फिरवली की धार लागते. पत्र्याच्या पेटीखाली-वर निखारे रचून पाव भाजतात. रात्री तंबूच्या कापडाबाहेर तरसाची चढती हाक ऐकू येते, आणि शांत हवेत सिंहाची गर्जना आठेक किलोमीटरवरून. बांधीव निवासात हे आवाज भिंतीपलीकडे राहतात. फिरत्या सफारीची खरी मिळकत हीच, असे अनुभवी प्रवासी मानतात.

उपक्रम : सकाळ-संध्याकाळच्या वाहनफेऱ्या सर्वत्र असतात. माग काढण्यात ठशाच्या कडा कोसळल्या आहेत का, त्यावर दव पडले आहे का, रात्री फिरणाऱ्या किड्याची रेघ ठशावरून गेली आहे का, हे पाहून वेळ ठरवतात. इंपाला हरिणांचे फुरफुरणे व बबून माकडांचे भुंकणे ही धोक्याची सूचना. ताडोबात चितळ-वानरांचा कॉल ऐकून वाघ शोधणाऱ्याला हे तंत्र परके वाटणार नाही.

बोट्स्वानातील ओकाव्हँगो त्रिभुज प्रदेशात (जागतिक वारसा स्थळ, २०१४) मोकोरो ही होडी असते. अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस सपाट प्रदेशातून इतका सावकाश सरकतो की येथे पूर जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन कोरड्या हंगामात, भरतो. आजूबाजूचे पाणवठे आटलेले असल्याने जनावरे इकडे ओढली जातात. मोकोरो पूर्वी एका अखंड खोडाची असे. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला लावलेल्या कायजेलियाचे लाकूडही तीसाठी वापरत. आता झाडे वाचवण्यासाठी फायबरग्लासच्या होड्या करतात. मागे उभा राहून लांब काठीने होडी रेटण्याचे कौशल्य या प्रदेशात वायेयी लोकांनी, साधारणतः अठराव्या शतकात, आणले असे समजतात. पाणघोड्यांमुळे खोल प्रवाह टाळून होडी उथळ, कमळांच्या पाण्यातून नेतात.

टांझानियातील सेरेंगेटीत तळ कळपांचा माग घेतो. विल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांची संख्या तेरा लाखांच्या आसपास धरतात. डिसेंबर ते मार्च दक्षिणेकडील न्दुतूची गवताळ मैदाने, मे-जूनला पश्चिमेकडील ग्रुमेती, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदी, असा ढोबळ क्रम. पाऊस तो बदलतो. दक्षिणेतच वीण होण्याचे कारण मातीत आहे. ज्वालामुखींच्या राखेमुळे तेथील आखूड गवतात कॅल्शियम व फॉस्फरस भरपूर असते. बहुतेक पिल्ले फेब्रुवारीच्या मागेपुढे सुमारे तीन आठवड्यांत जन्मतात, त्यामुळे शिकारी प्राण्यांना सगळी खाणे शक्यच होत नाही. सेरेंगेटीच्या मध्यभागातील सेरोनेरा येथून १९८९ पासून उष्ण हवेच्या फुग्यातून फेऱ्या होतात.

पायी सफारी झँबियाच्या लुआंग्वा खोऱ्यातली. वन्यजीव अधिकारी नॉर्मन कारने १९५० मध्ये न्सेफू या जमातप्रमुखाबरोबर तेथे पाहुण्यांसाठी तळ सुरू केला. उत्पन्न गावाला मिळावे हा त्यामागील हेतू होता.

नियम व जमीन : कोणता उपक्रम करता येईल हे जमिनीच्या दर्जावर ठरते. बोट्स्वानाच्या राष्ट्रीय उद्यानांत वाट सोडून गाडी नेणे व रात्रीची फेरी यांना मनाई आहे; भाडेपट्ट्याच्या व ग्रामसंस्थांच्या क्षेत्रांत दोन्ही चालतात. म्हणून जाणते आयोजक काही मुक्काम मोरेमी अभयारण्यात, काही ख्वाई गावाच्या क्षेत्रात ठेवतात. मोरेमी अभयारण्य १९६३ मध्ये बाटावाना जमातीने, राज्यकर्त्या पुलाने मोरेमी यांच्या काळात, स्वतःच्या जमिनीवर स्थापले. हे आफ्रिकेतील दुर्मिळ उदाहरण म्हणून वाखाणले जाते, व ते रास्तच आहे. मात्र तेथे राहणाऱ्या बुगाख्वे या नदीकाठच्या सान (बुशमन) लोकांना त्यासाठी हलावे लागले. ख्वाई गाव त्यांचेच. २००० च्या सुमारास त्यांनी विश्वस्त संस्था नोंदवली. आज तिच्या हद्दीत उतरणाऱ्या फिरत्या तळांना मुक्कामाचे शुल्क भरावे लागते.