पॅन, विड्थ आणि पोलॅरिटी

पॅन, विड्थ आणि पोलॅरिटी : ध्वनिमिश्रणाच्या सॉफ्टवेअरमधील, डाव्या आणि उजव्या वाहिनीचे (चॅनलचे) एकमेकींशी नाते ठरवणारी तीन नियंत्रणे. पॅनमुळे आवाज डावीकडे, उजवीकडे किंवा मधे बसतो. विड्थमुळे दोन वाहिन्यांत आधीच असलेला आवाज पसरतो किंवा आक्रसतो. पोलॅरिटीमुळे लहर पालथी होते, म्हणजे तिचा चढ तिथे उतार आणि उतार तिथे चढ येतो. पडद्यावर ही बटणे वेगवेगळ्या जागी असतात आणि शिकवलीही वेगवेगळी जातात, पण तिन्हींच्या मुळाशी दोन वाहिन्यांची बेरीज आणि वजाबाकी एवढेच गणित आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत अहिराणी गाणी, लेवा गणबोलीतल्या ओव्या, कानबाईची गाणी आता घरातल्याच एखाद्या खोलीत, एका लॅपटॉपवर मिसळली जातात. मिसळताना कानाला हेडफोन असतो. ऐकणारा मात्र लग्नाच्या मांडवात, वरातीतल्या बँडच्या गाडीमागे किंवा मोबाइल कानापासून हातभर लांब धरून ऐकतो. हेडफोनवर भरगच्च वाटलेले गाणे मांडवात पोकळ का होते आणि कधीकधी गाणाराच का नाहीसा होतो, याचे कारण बहुधा या तीन बटणांतच सापडते.

डावे-उजवे ओळखण्याची कानाची रीत ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडली. साधारण १,५०० हर्ट्झच्या खालचे आवाज दोन्ही कानांवर पोहोचायला लागणाऱ्या वेळेतल्या फरकावरून कळतात. हा फरक फार तर ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. त्यावरच्या आवाजांत डोक्याची सावली पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज कमी पोहोचतो. मिश्रणातले नेहमीचे पॅन यातले फक्त दुसरे काम करते. ते वेळ बदलत नाही, दोन्ही बाजूंची पातळी कमीजास्त करते. तरीही समोर दोन स्पीकर असले की तेवढ्यावर फसवणूक जमते आणि आवाज मधल्या हवेतून आल्यासारखा वाटतो. हेडफोनमध्ये हे पूर्ण जमत नाही. तिथे एका बाजूला टोकाला नेलेले वाद्य कानात कोंबल्यासारखे लागते.

स्टिरिओचा, म्हणजे डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांतून आवाज देण्याच्या पद्धतीचा, पाया इंग्लंडमधील अभियंते अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी घातला. त्यांनी १४ डिसेंबर १९३१ रोजी दाखल केलेल्या पेटंटमध्ये (क्रमांक ३९४३२५) दोन मायक्रोफोनची मांडणी, एकाच खाचेत दोन वाहिन्या कोरण्याची युक्ती आणि बेरीज-वजाबाकी करून रुंदी बदलण्याची कल्पना या तिन्ही गोष्टी आहेत. आजच्या प्लगिनमधले (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममधले) विड्थचे बटण त्याच कागदातून उतरले आहे. ‘पॅन’ हे पॅनोरॅमिक पोटेन्शिओमीटरचे लघुरूप. आवाज पडद्याच्या एका टोकाकडून दुसरीकडे सरकवण्यासाठी अशा फिरत्या बटणाचा मोठ्या प्रमाणावर वापर १९४० च्या डिस्नेच्या ‘फँटासिया’साठी उभारलेल्या फँटासाउंड यंत्रणेत झाला.

पॅनचा नियम. एकच आवाज दोन्ही स्पीकरमधून पूर्ण ताकदीने सोडला तर तो मधे आल्यावर मोठा आणि टोकाला गेल्यावर लहान वाटेल. म्हणून मधे असताना दोन्ही बाजू थोड्या खाली ओढतात. किती ओढायच्या, याला पॅन लॉ म्हणतात. ३ डेसिबेल (आवाजाच्या पातळीचे माप) उतरवले, म्हणजे प्रत्येक बाजू ०.७०७ पट ठेवली, तर खोलीत ऐकताना आवाज सर्वत्र सारखा वाटतो. ६ डेसिबेल उतरवले तर विजेच्या तारेत दोन्ही बाजू एकत्र केल्यावर बेरीज सारखी येते. ४.५ डेसिबेल ही दोन्हींमधली तडजोड. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते आणि ती सहसा सांगितली जात नाही: ३ डेसिबेलच्या नियमाने केलेले मिश्रण मोनो झाले, म्हणजे दोन्ही वाहिन्या मिळून एकच झाली, की मधली वाद्ये टोकांवरच्या वाद्यांपेक्षा ३ डेसिबेलने वर येतात. गायक आणि ढोलकी मधे, झीलकरी आणि झांजा दोन टोकांना, असे बसवलेले गाणे मोबाइलवर ऐकताना झीलकरी मागे सरकल्यासारखे वाटतात ते यामुळे. एका सॉफ्टवेअरमधले गाणे दुसऱ्यात उघडल्यावर तोल बिघडला तर आधी पॅन लॉ पाहावा.

मोनो ट्रॅकवरचे (एका वाहिनीच्या ध्वनिपट्टीवरचे) पॅन आणि स्टिरिओ ट्रॅकवरचे पॅन सारखेच दिसते, पण ते अनेकदा वेगळे काम करते. स्टिरिओ ट्रॅकवर बटण डावीकडे फिरवले की बहुतेक सॉफ्टवेअर फक्त उजवी वाहिनी दाबतात. त्याला बॅलन्स म्हणावे. उजवीकडे जे होते ते डावीकडे येत नाही, गळते. कीबोर्डचा उजव्या हाताचा सूर फक्त उजव्या वाहिनीत असेल तर टोकाला नेल्यावर तो गेलाच. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅकला दोन स्वतंत्र पॅन असतात. लॉजिक आणि रीपर या सॉफ्टवेअरमध्ये बॅलन्सऐवजी खरे स्टिरिओ पॅन निवडता येते. शिकाऊ माणसाने ही निवड पहिल्याच दिवशी शोधून ठेवावी.

जात्यावरच्या ओवीचे उदाहरण घेऊ. दोघी समोरासमोर बसून दळतात, एक ओळ एकीची, पुढची दुसरीची. जात्याची घरघर मधे आणि दोघींचे आवाज दोन्हीकडे अर्ध्या-अर्ध्यावर ठेवले तर ऐकणारा जात्याशेजारी बसल्यासारखा होतो. पूर्ण टोकाला नेले तर दोघींच्या मधून एसटी जाईल एवढी जागा तयार होते. वाद्य किंवा माणूस खऱ्या जागेत जेवढा मावतो, पॅनमध्येही साधारण तेवढाच मावावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उलट मताचे लोकही पुष्कळ आहेत: डावे, मधले, उजवे अशा तीनच जागा वापरून उत्तम मिश्रणे झाली आहेत.

विड्थ. डावी आणि उजवी वाहिनी मिळवून निम्मी केली की ‘मध्य’ मिळतो. डावीतून उजवी वजा करून निम्मी केली की ‘बाजू’ मिळते.

मध्य = (डावी + उजवी) ÷ २
बाजू = (डावी − उजवी) ÷ २

मध्यात बाजू मिळवली की पुन्हा डावी वाहिनी तयार होते. वजा केली की उजवी. विड्थचे बटण या ‘बाजू’ला गुणते. १०० टक्के म्हणजे मूळ, शून्य म्हणजे मोनो. त्याहून खाली, उणे १०० वर नेले तर डावे-उजवे अदलाबदल होतात. रीपरमध्ये हे सरळ करता येते. १०० च्या वर नेणाऱ्या प्लगिनमध्ये बाजू मध्यापेक्षा जड होत जाते. मधल्या गायकाभोवतीचे वातावरण फुगते, हेडफोनवर क्षणभर भारी वाटते, आणि गाण्याचा कणा हरवतो. मोनोत बेरीज झाली की बाजू शून्य होते, म्हणजे फुगवलेले सगळे वायाच जाते.

एफएम रेडिओ याच सूत्रावर चालतो. अमेरिकेत १९६१ मध्ये मंजूर झालेल्या पद्धतीत बेरीज मुख्य जागी आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर (मुख्य लहरीवर स्वार केलेल्या दुय्यम लहरीवर) पाठवतात. जुना मोनो रेडिओ फक्त बेरीज उचलतो. दुर्बळ संकेतात (सिग्नलमध्ये) वजाबाकीच्या भागात खरखर आधी शिरते, म्हणून चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना गाडीतला रेडिओ हळूच मोनोकडे वळतो. म्हणजे विड्थचे बटण तो स्वतःच खाली आणतो.

एकाच आवाजाची प्रत करून ती दुसऱ्या बाजूला १५-२० मिलिसेकंद उशिरा सोडण्याची युक्तीही रुंदीसाठी वापरतात. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवल्याप्रमाणे कान पहिल्या आवाजाची दिशा धरतो आणि मागून आलेला त्यातच मिसळून घेतो. मोनोत मात्र मूळ आणि उशिराची प्रत एकत्र येऊन काही स्वर कापले जातात आणि या युक्तीचे पितळ उघडे पडते. गायकाच्या मुख्य आवाजावर ती करू नये.

पोलॅरिटी. हे बटण सहसा तिरकी रेघ मारलेल्या शून्याच्या चिन्हाने दाखवतात. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ते ‘इन्व्हर्ट’ नावाच्या इफेक्टमध्ये आहे. साउंडवाले त्याला ‘फेज उलटा करणे’ म्हणतात, पण फेज आणि पोलॅरिटी एक नव्हेत. पोलॅरिटी म्हणजे चिन्ह बदलणे, अधिकचे उणे. त्यात वेळ येत नाही. फेजमध्ये उशीर असतो आणि तो प्रत्येक स्वराला वेगळा भोवतो.

पोलॅरिटीचा सगळ्यात स्वच्छ उपयोग ढोलावर होतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत वाजतात तसा मोठा, दोन तोंडांचा ढोल घ्या आणि दोन्ही तोंडांवर एकेक माइक लावा. एका पानावर (तोंडावर ताणलेल्या कातड्यावर) काठी पडली की ते आत जाते, आतली हवा दुसऱ्या पानाला बाहेर ढकलते. एका माइकला ओढ मिळते, दुसऱ्याला त्याच क्षणी धक्का. दोन्ही ट्रॅक मधे ठेवून एकत्र वाजवले की खालचा घुमारा एकमेकांना खाऊन टाकतो आणि ढोलाचा पत्र्याचा डबा होतो. एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटवली की घुमारा परत येतो. कोणती उलटवायची हे फार महत्त्वाचे नाही. दोन्ही करून पाहावे आणि जिथे खालचा आवाज भरतो ते ठेवावे. इक्वलायझरवर बेस चढवत बसण्याआधी हे बटण दाबून पाहणे शहाणपणाचे, कारण जे कापले गेले ते चढवून परत येत नाही.

माइक लांब असेल तर मात्र हे बटण पुरे पडत नाही. ढोलाचा आवाज साडेतीन मीटरवरच्या गायकाच्या माइकमध्येही शिरतो आणि तिथे सुमारे १० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. (आवाज २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर जातो, ४५ अंशांना जवळजवळ ३५८. वैशाखातल्या जळगावात ढोल थोडा लवकर पोहोचतो, तेवढाच उन्हाचा फायदा.) दोन्ही ट्रॅक मिळवले की ५०, १५०, २५० हर्ट्झवर खड्डे पडतात, म्हणजे तेवढे स्वर कापले जातात. पोलॅरिटी उलटवली तर खड्डे बुजत नाहीत, १००, २०० वर सरकतात. इथे ट्रॅक वेळेत सरकवावा लागतो किंवा माइक जवळ घ्यावा लागतो. माइक आपल्या आवाजाच्या उगमापासून जेवढा लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवण्याचा नियम यासाठीच आहे.

संपूर्ण मिश्रणाच्या फक्त एका वाहिनीची पोलॅरिटी उलटली तर मध्य आणि बाजू यांची अदलाबदल होते. गायक समोरून उठून डोक्याच्या मागे कुठेतरी पसरतो, बेस विरतो. घरच्या दोन स्पीकरपैकी एकाच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्या की हेच होते. दोन वाहिन्या किती सारख्या आहेत हे दाखवणाऱ्या कोरिलेशन मीटरचा काटा अधिक १ वर असेल तर दोन्ही वाहिन्या सारख्या, शून्याजवळ असेल तर एकमेकींशी संबंध नसलेल्या, आणि उणे बाजूला ठाण मांडून बसला असेल तर मोनोत गाण्याचा बराच भाग बुडणार हे धरून चालावे.

मांडवातला मोनो. मांडवात गाणे मोनो होते ते तीन वेगवेगळ्या रीतींनी, आणि या तीन रीती म्हणजे तारेने फिरवलेली ही तीन बटणेच. लॅपटॉपच्या दोन पिनांपैकी एकच मिक्सरला लावली तर फक्त डावी वाहिनी वाजते: बॅलन्स टोकाला. उजवीकडे टोकाला पॅन केलेला बेंजो मग ऐकूच येत नाही. मिक्सरने दोन्ही बाजू मिळवून भोंग्याला दिल्या तर विड्थ शून्य. बेंजो राहतो, फुगवलेली बाजू जाते. तिसरी रीत सगळ्यात फसवी. मोबाइलची हेडफोनची पिन सरळ एका बॅलन्स्ड इनपुटला जोडली, तर ते इनपुट आपल्या स्वभावाप्रमाणे एका तारेतून दुसरी वजा करते. बॅलन्स्ड तारेत एकच संकेत सुलट आणि उलट असा दोनदा जातो, म्हणून वजाबाकीत खरखर मरते आणि संकेत उरतो. इथे मात्र त्या दोन तारांवर डावी आणि उजवी वाहिनी आहे. उरते ती निव्वळ बाजू. मधे बसवलेला गायक, ढोलकी, बेस नाहीसे होतात. कोरस आणि गुंजन तेवढे येते. नवरदेव दारात आणि गाण्यात गाणाराच नाही.

अशा वेळी ‘गाणे मोनो करून आणा’ असा सल्ला दिला जातो. या तारेवर तो उलटा पडतो: मोनो फाइलच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, त्यांची वजाबाकी शून्य, आणि भोंगा पूर्ण गप्प. डावी-उजवी वेगळी करणारी योग्य तार किंवा डीआय बॉक्स (साधा संकेत बॅलन्स्ड करून देणारी डबी) हाच खरा इलाज. तो हाताशी नसेल तर मोबाइलच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करून खालची बॅलन्सची पट्टी पूर्ण डावीकडे सरकवावी. दुसरी तार रिकामी होते, वजा करायला काही उरत नाही, आणि गाणे सबंध वाजते.