एएफपी सर्वेक्षण

एएफपी सर्वेक्षण म्हणजे पंधरा वर्षांखालच्या मुलांमध्ये अचानक आलेला लुळेपणा, कारण कोणतेही असो, शोधून काढण्याची, नोंदवण्याची आणि तपासण्याची पद्धत. एएफपी ही ‘अक्यूट फ्लॅसिड पॅरालिसिस’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. मराठीत याला ‘तीव्र लुळा पक्षाघात’ म्हणतात, पण आरोग्य केंद्रात डॉक्टरपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘एएफपी’च असते. पोलिओ निर्मूलनाच्या जागतिक मोहिमेत डोस कुठे आणि कधी द्यायचे, हे याच पद्धतीने ठरत आले.

पोलिओ सोडून लुळेपणा शोधायचा, याचे कारण विषाणूच्या स्वभावात आहे. देवीचा रोगी ओळखायला डॉक्टर लागत नसे, पुरळ सगळ्या गावाला दिसत असे. पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो आणि शौचावाटे पसरतो. लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो. बाकीच्यांना थोडा ताप येतो किंवा काहीच होत नाही. म्हणजे लंगडणारे एक मूल दिसले, तर तोवर आसपास दोनेकशे मुलांमधून विषाणू फिरून गेलेला असतो. त्यात हाच लुळेपणा गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजारामुळे येतो, मज्जारज्जूच्या दाहाने येतो, चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने मज्जातंतू दुखावला तरी येतो. ‘हा पोलिओ नाही’ असे डॉक्टरने खाटेपाशीच ठरवले, तर एखादा खरा रोगी निसटतो. म्हणून डॉक्टरने निदानाच्या भरीस न पडता फक्त कळवायचे आणि निकाल प्रयोगशाळेने द्यायचा, असा नियम आहे.

सकाळी मूल उठते आणि त्याचा एक पाय जमिनीवर टेकत नाही. घरचे आधी कुणाकडे नेतील ते सांगता येत नाही. म्हणून भारतात खबर देणाऱ्यांच्या जाळ्यात मोठ्या रुग्णालयांबरोबर गल्लीतले खाजगी दवाखाने, हाडवैद आणि भगतही घेतले गेले. खबर आल्यापासून ४८ तासांत अधिकारी मुलापर्यंत पोहोचतो. हातापायांतली ताकद पाहतो, गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षेप येतो का ते बघतो, आणि मग आईला शौचाचा नमुना मागतो. एकदा नव्हे, दोनदा. दोन नमुन्यांत किमान २४ तासांचे अंतर हवे आणि दोन्ही लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत हवेत, कारण त्यानंतर शौचातला विषाणू झपाट्याने कमी होतो. प्रत्येक नमुना मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा. डबी बर्फाच्या पॅकमध्ये ठेवून २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये प्रयोगशाळेत जाते. लस ज्या शीतसाखळीने गावात येते, तीच उलटी चालवायची. नमुने उशिरा मिळाले किंवा वाटेत बर्फ वितळला, तर ६० दिवसांनी मुलाला पुन्हा तपासतात आणि पाय अजून लुळाच असेल तर तज्ज्ञांची समिती निर्णय देते.

या पद्धतीतली सर्वांत हुशार गोष्ट तिच्या मापात आहे. पोलिओ असो वा नसो, इतर कारणांनी लुळी पडणारी मुले प्रत्येक समाजात असतातच. पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एक असे मूल सापडले पाहिजे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अट आहे. भारताने ती दोनपर्यंत वाढवली. एखाद्या जिल्ह्याने वर्षभर ‘पोलिओ शून्य’ कळवले आणि इतर कारणांचा लुळेपणाही शून्य कळवला, तर तिथे पोलिओ नाही असे कुणी मानत नाही. तिथे कुणी शोधलेच नाही असे मानतात. या मापात पोलिओ नसलेली मुले पोलिओ झालेल्यांइतकीच मोलाची ठरतात. एकही रुग्ण नसला तरी दर आठवड्याला तसा ‘निरंक’ अहवाल द्यायचा, तोही याच कारणाने. सरकारी कचेरीत ‘निरंक’ हा शब्द बहुधा काम टाळायला वापरतात, इथे तो पुरावा आहे. पण नुसत्या निरंकावर विसंबत नाहीत. अधिकारी ठरलेल्या दिवशी रुग्णालयात जाऊन बालरोग वॉर्डची आणि ओपीडीची रजिस्टरे उघडतो आणि ‘अशक्तपणा’, ‘चालता येत नाही’ अशा नोंदी बोट ठेवून शोधतो.

ही पद्धत अमेरिका खंडात आकाराला आली. इथिओपियात देवीविरुद्ध काम केलेले ब्राझीलचे सिरो दि क्वाद्रोस हे १९८५पासून तिथल्या पोलिओ मोहिमेचे प्रमुख होते. खबर देणाऱ्याला रोख बक्षीस देण्याची देवीच्या काळातली युक्ती त्यांच्या मोहिमेनेही वापरली. त्या खंडातला शेवटचा रुग्ण १९९१ मध्ये पेरूत सापडला. तोवर, १९८८ मध्ये, जागतिक आरोग्य परिषदेने साऱ्या जगातून पोलिओ घालवण्याचा ठराव केला होता. त्या वर्षी १२५हून अधिक देशांत मिळून अंदाजे साडेतीन लाख मुले पांगळी होत होती.

भारतात दिल्लीने २ ऑक्टोबर १९९४ रोजी पहिली पल्स पोलिओ फेरी घेतली आणि डिसेंबर १९९५पासून ती देशभर सुरू झाली. जिभेवर दोन थेंब, डाव्या करंगळीवर शाई आणि घराच्या दारावर खडूची खूण, हे त्यानंतर लहान मुले असलेल्या प्रत्येक घराच्या ओळखीचे झाले. सर्वेक्षण मात्र १९९७ मध्ये, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त प्रकल्पातून नीट उभे राहिले. म्हणजे आपण आधी थेंब पाजले आणि रोग नेमका कुठे आहे ते मोजायला नंतर लागलो. २००२ मध्ये देशात १६०० रुग्ण सापडले, तेव्हा बहुतांश विषाणू उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये आहे हे नकाशावर स्वच्छ दिसले. तिथल्या फेऱ्या वाढल्या. २००५मध्ये पोलिओच्या विषाणूच्या एका प्रकारापुरती लस आली आणि जानेवारी २०१०मध्ये दोन प्रकारांवरची. २००९ मधले ७४१ रुग्ण २०१० मध्ये ४२वर आले. महाराष्ट्रात त्या वर्षी मालेगावात रुग्ण सापडले. २०११ मध्ये एकच रुग्ण निघाला: हावडा जिल्ह्यातली एक मुलगी, तिचा लुळेपणा १३ जानेवारीला सुरू झाला होता. त्यानंतर तीन वर्षे शोधूनही काही सापडले नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

नमुने तपासणाऱ्या जाळ्यात मुंबईचे स्थान विशेष आहे. परळला हाफकिन संस्थेच्या आवारातले एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र, जे आता पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र आहे, ते पोलिओसाठी जगातल्या मोजक्या विशेष प्रयोगशाळांपैकी एक. तिथे विषाणूच्या जनुकातला एक तुकडा वाचतात. तो वर्षाला सुमारे एक टक्का बदलतो, त्यामुळे दोन विषाणूंची वंशावळ लावता येते आणि मुंबईत सापडलेला विषाणू उत्तरेतून आल्याचे सांगता येते. एखाद्या विषाणूचे जवळचे नातलग कुठेच सापडत नसतील, तर त्याला ‘अनाथ’ म्हणतात. त्याचा अर्थ असा, की तो बराच काळ फिरत होता आणि सर्वेक्षणाला दिसला नाही. नायजेरियात दोन वर्षांच्या शांततेनंतर २०१६मध्ये बोर्नो राज्यात नेमके हेच झाले. बोको हराम या दहशतवादी संघटनेच्या ताब्यातल्या गावांत शोधणारे पोहोचूच शकले नव्हते.

भारतात या पद्धतीवरून वादही झाला. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पोलिओ नसलेल्या लुळेपणाचे प्रमाण लाखाला वीसच्याही वर गेले. वारंवार पाजलेल्या थेंबांशी त्याचा संबंध आहे, असे काही डॉक्टरांनी मांडले. जाळे वाढल्यामुळे आणि किरकोळ अशक्तपणाही नोंदवला जाऊ लागल्यामुळे आकडा फुगला, असे मोहिमेचे म्हणणे. मला दुसरे म्हणणे जास्त पटते, पण इतक्या मोठ्या संख्येने सापडलेल्या मुलांना पोलिओ नाही एवढे कळल्यावर त्यांच्या आजाराचा पुढे पुरेसा शोध घेतला गेला नाही, ही तक्रार रास्त आहे.

लुळेपणाची वाट पाहण्याला मर्यादाही आहेत. म्हणून सांडपाणी तपासतात. मुंबईत हे काम २००१ मध्ये सुरू झाले. धारावीसारख्या दाट वस्त्यांचे सांडपाणी ठरावीक दिवशी भरून परळला जाते. तिथल्या पाण्यात पोलिओचा वन्य, म्हणजे लशीतून न आलेला मूळचा विषाणू शेवटचा दिसला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. इस्रायलमध्ये २०१३ साली सांडपाण्यात वन्य विषाणू महिनोन् महिने सापडत राहिला आणि एकही मूल लुळे पडले नाही, कारण तिथल्या मुलांना इंजेक्शनची लस मिळाली होती. ती पक्षाघात टाळते, पण आतड्यातला विषाणू पुरता थांबवत नाही. गाझात २०२४मध्ये वेगळे घडले: आधी सांडपाण्यात लसजन्य, म्हणजे थेंबांच्या लशीतल्या विषाणूपासून बदलत गेलेला विषाणू दिसला आणि काही आठवड्यांनी एका दहा महिन्यांच्या बाळाचा पाय लुळा पडला.

वन्य विषाणू आता फक्त पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तळ ठोकून आहे. भारतात एएफपीचे नमुने अजूनही तसेच गोळा होतात, डब्या तशाच बर्फात जातात, आणि ज्या जाळ्यातून त्या जातात त्यातूनच आता गोवर-रुबेलाचे नमुनेही पाठवले जातात.