बर्न किटमागचे वीस रुपये कुठे जातात?

इंदूरच्या दवा बाजारातल्या आमच्या दुकानातून तुम्ही बर्न किट, म्हणजे भाजल्यावरच्या प्रथमोपचाराचा संच घेता, तेव्हा बिलाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: ‘संशोधन निधी – २० रुपये’. ही रक्कम तुमच्याकडून जादा घेतलेली नसते, आमच्या नफ्यातून जाते. तरी ग्राहक विचारतात, आणि विचारावंच. महूहून येणारी फौजी कुटुंबं तर सरळ म्हणतात, ‘भाजलेल्या जवानाला मदत करायची तर त्याच्या घरी द्या ना, संशोधनाला कशाला?’ काउंटरवर उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

भाजलेल्या माणसाचं पुढचं बरंच काही पहिल्या दिवशीच ठरतं. मोठ्या माणसाच्या अंगाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग भाजला की दुखणं कातडीपुरतं राहत नाही. अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी निघून जातं, रक्तदाब पडतो आणि मूत्रपिंडं बंद पडायला लागतात. म्हणून सलाईन लावतात. किती लावायचं याचं सगळ्यात रुळलेलं गणित अमेरिकेतल्या डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयातून आलं: वजनाच्या दर किलोला आणि अंगाच्या भाजलेल्या दर टक्क्याला ४ मिलिलिटर, आणि त्यातलं निम्मं भाजल्यापासूनच्या पहिल्या ८ तासांत. ७० किलोचा जवान ४० टक्के भाजला, तर २४ तासांत ११.२ लिटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे यासाठी वापरतात ते क्षारयुक्त सलाईन. अर्ध्या लिटरच्या बावीस-तेवीस बाटल्या झाल्या. एमवाय हॉस्पिटल आमच्यापासून जवळच आहे, तिथे त्या हाताशी असतात. बर्फातल्या चौकीवर त्या वाहून कोण नेणार, आणि गोठू नयेत म्हणून ठेवणार कुठे?

बरं, हा आकडाही अंतिम नाही. अमेरिकी लष्कराच्या शल्यसंशोधन संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये दहाचा सोपा नियम मांडला. ४० ते ८० किलोच्या माणसाला भाजलेले टक्के गुणिले दहा, तितके मिलिलिटर दर तासाला, ही सुरुवात. मग तासाला ३० ते ५० मिलिलिटर लघवी होते का ते पाहून कमीजास्त करायचं. वरच्याच जवानाला या हिशेबाने तासाला ४०० मिलिलिटर मिळतं, पार्कलंडच्या हिशेबाने पहिले ८ तास तासाला ७००. कमी पडलं तर मूत्रपिंडं जातात. जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरतं, पोटातला दाब वाढून आतले अवयव निकामी होतात. दोन्हीकडून जीव जाऊ शकतो, आणि नेमकं किती, हे कुणाच्या अनुभवावर सोडून चालत नाही.

१९ जुलै २०२३ ला सियाचेनमध्ये दारूगोळ्याच्या साठ्याला आग लागली. कॅप्टन अंशुमान सिंह या लष्करी डॉक्टरांनी सहकाऱ्यांना बाहेर काढलं, आणि औषधं वाचवायला गेले ते परतले नाहीत. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. तिथे हवामान बिघडलं की हेलिकॉप्टर येत नाही आणि जखमी तिथेच अडकतो. अशा ठिकाणी शिरेतून सलाईन नाही मिळालं, तर तोंडावाटे ओआरएस देऊन किती भागेल, यावर आता अभ्यास होतात. हा प्रश्न आपल्याला परका नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजून जगवलं होतं. भाजलेल्यांसाठी मात्र हे मोजून-तपासूनच ठरायला हवं.

तपासणं म्हणजे काय, याचं आम्हाला फार महत्त्वाचं वाटणारं एक उदाहरण. गंभीर भाजलेल्यांना ग्लुटामिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) द्यावं, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. मार्गदर्शक सूचनांतही ते होतं. मग १४ देशांतल्या ५४ बर्न केंद्रांत बाराशेहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली. खर्चाचा वाटा अमेरिकी संरक्षण खात्याने आणि कॅनडाच्या सरकारी संशोधन संस्थेने उचलला. २०२२ मध्ये निकाल आला: ग्लुटामिन दिल्याने रुग्ण लवकर घरी गेले नाहीत. असं उत्तर कुठल्याही एका रुग्णालयाला मिळालं नसतं, कारण एका केंद्रात इतके रुग्णच नसतात. आणि विक्रीत फायदा असलेली कंपनी असला खर्च सहसा करत नाही. म्हणून सरकारचा पैसा लागतो. अमेरिकेत २०११ पासून जवानांच्या भाजण्यावरच्या संशोधनासाठी संसद वेगळी तरतूद करते. आपल्याकडेही सशस्त्र दलांची स्वतःची वैद्यकीय संशोधन समिती आहे, आणि जून २०२४ मध्ये दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलात सेनेची पहिली त्वचापेढी, म्हणजे दान केलेली कातडी साठवायची सोय, सुरू झाली.

आता आमचे वीस रुपये. ते लष्कराकडे जात नाहीत, हे स्पष्ट सांगतो. ड्यूटीवर भाजलेल्या जवानाचा उपचार सरकार करतं. आमचा हिस्सा शहरातल्या एका रुग्णालयाच्या बर्न विभागातल्या चाचणीला जातो. पीथमपूरच्या कारखान्यात वाफेने भाजलेला कामगार आणि रणगाड्यात भाजलेला जवान, दोघांच्या रक्तवाहिन्या एकाच तऱ्हेने झिरपतात. इथे जे सिद्ध होतं ते तिथेही कामी येतं. पैसे लागतात ते रात्रभर दर तासाला लघवी मोजून लिहिणाऱ्या परिचारिकेच्या पगाराला, तपासण्यांना, गावी परतलेल्या रुग्णाला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावण्याच्या भाड्याला. यांतलं काहीच फोटोत दिसत नाही, त्यामुळे त्याला देणगीदारही कमी मिळतात. आम्ही स्वतः विकतो त्या कोणत्याही मलमाच्या किंवा पट्टीच्या चाचणीला आम्ही पैसे देत नाही. ते योग्य होणार नाही.

तुम्हाला स्वतःहून काही द्यायचं असेल तर थेट रुग्णालयाकडे द्या आणि पावती घ्या; आम्ही रोख स्वीकारत नाही. कुणीही चाचणीसाठी पैसे मागितले तर सीटीआरआय, म्हणजे भारताच्या क्लिनिकल चाचणी नोंदवहीतला क्रमांक विचारा. ही नोंदवही २००७ पासून आहे, कुणालाही फुकट पाहता येते. क्रमांक नसेल तर पैसे देऊ नका.

घरात कुणी भाजलं, तर आमचं किट उघडण्याआधी नळ उघडा. वाहत्या गार पाण्याखाली भाजलेला भाग २० मिनिटं धरा; तीन तासांच्या आत केव्हाही केलं तरी उपयोग होतो. वीस मिनिटांचा आकडाही अभ्यासांतूनच आला आहे. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. मग स्वच्छ पट्टीने झाका, बाकीचं अंग उबदार ठेवा आणि मोठं भाजलं असेल तर १०८ ला फोन करा.

वर्षभरात जमलेली रक्कम, ती कुठल्या चाचणीला गेली आणि तिचा नोंदणी क्रमांक, हे दर एप्रिलमध्ये काउंटरमागच्या फळ्यावर लावलं जातं. चाचणीचा निकाल लागला की तोही लावू, मग उपचार निरुपयोगी ठरला असला तरी.