पेवातले सोंडे तहानेने मरतात

नाशिकच्या आसपास सध्या ‘जुन्या वाड्यात मुक्काम’ देणाऱ्या ठिकाणांचं पेव फुटलंय. गंमत अशी, की त्याच वाड्याच्या अंगणातलं खरंखुरं पेव पाहुण्यांना ‘भुयार’ म्हणून दाखवतात. थेट गडावर निघतं म्हणे! निघत नाही. तोंड अरुंद, पोट मोठं, रांजणासारखं खोदलेलं ते धान्याचं कोठार आहे.

पेव मुरमात किंवा गावठाणातल्या पांढरीत खणायचं. काळी रेगडी पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्या भेगांतून हवाही शिरते आणि पाणीही. तळाला व कडेने कडब्याचा जाड थर द्यायचा, म्हणजे जमिनीची ओल धान्याआधी कडबा पितो. तोंडावर फरशी, फरशीच्या सांध्यात चिखल आणि वर मातीचा उंचवटा.

आता आत काय होतं ते पाहू. एका घनमीटरात सुमारे ७८० किलो गहू मावतो आणि दाण्यांच्या फटींत साधारण ४०० लिटर हवा उरते. त्यात ऑक्सिजन जेमतेम ८४ लिटर. सोंड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते, त्यामुळे चाळणीने ती निघत नाही. पण श्वास तिलाही लागतो. कीड जितकी जास्त, तितका ऑक्सिजन लवकर संपतो.

आणि इथेच खरी मजा आहे. १२ टक्के ओलाव्याच्या गव्हात प्यायला पाणी कुठलं? कीटक पिठूळ अन्न ‘जाळून’ ते पाणी शरीरातच तयार करतो: १८० ग्रॅम ग्लुकोज आणि १९२ ग्रॅम ऑक्सिजन यांतून १०८ ग्रॅम पाणी आणि २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजन आटला की पाणीही आटलं. त्यात हवा मिळावी म्हणून श्वासरंध्रं सताड उघडी ठेवावी लागतात, तिथून उरलीसुरली ओल उडते. म्हणजे गुदमरण्याआधी अनेक किडी सुकूनच मरतात. कडुनिंबाच्या पाल्याला फुकटचं श्रेय मिळतं. खरं काम फरशीखालचा चिखल करतो. हल्लीच्या हवाबंद धान्यपिशव्यांचं तत्त्वही हेच.

गहू मात्र दाताखाली कट्‌कन फुटण्याइतका वाळलेला हवा. ओलावा १४ टक्क्यांवर गेला की बुरशी धरते, धान्य तापतं, कुबट वास येतो. कांद्याचं नेमकं उलट: त्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी, म्हणून कांदाचाळ वाऱ्यावर उघडी. कांदा पेवात भरला तर चिखलच काढावा लागेल.

पेव उघडताना माणसं दगावतात, तेव्हा ‘राखणदार कोपला’ म्हणून नारळ फोडला जातो. राखणदार म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो हवेच्या दीडपट जड असल्याने तोंड उघडलं तरी तळाशी साचून राहतो. पाइप तळापर्यंत सोडून पंख्याने भरपूर हवा मारा, मग दोरीला कंदील बांधून अगदी तळापर्यंत उतरवा. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. विझली, तर आत पाऊल नाही. तेवत राहिली तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. ऑक्सिजन मीटर मिळाला, तर तो १९.५ टक्क्यांहून कमी दाखवत असताना आत उतरू नका. आतला माणूस कोसळला तर दोर ओढायचा, त्याच्यामागे उडी घ्यायची नाही. दुसरा बळी बहुतेक वेळा असाच जातो.