ज्येष्ठ निवासात प्रवेश : कोणता प्रकार, काय अटी, कोणती कागदपत्रं

अर्जावर वय विचारतात, म्हणून प्रवेश वयावर ठरतो असं वाटतं. ५५, ६० किंवा ६५ अशी किमान वयाची अट बऱ्याच ठिकाणी असते, पण तिचं काम तिथेच संपतं. जागा कुठल्या प्रकारच्या निवासात मिळणार, हे रोजच्या कोणत्या कामात दुसऱ्याचा हात लागतो त्यावर ठरतं.

ही कामं मोजायची पद्धत जुनी आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा कामं मांडली : अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. आजही प्रवेशाआधी मूल्यांकनाला येणारी नर्स साधारण हेच विचारते.

सगळं जमत असेल तर स्वतंत्र निवास. आपलं घर, आपलं स्वयंपाकघर, शेजाराला समवयस्क. शुश्रूषा मात्र त्यात धरलेली नसते. अंघोळीला किंवा औषधांना मदत लागत असेल तर असिस्टेड लिव्हिंग. विसरभोळेपणा डिमेन्शियापर्यंत गेला असेल आणि माणूस बाहेर पडून वाट चुकत असेल, तर मेमरी केअर. तिथे दारांवर लक्ष असतं. चोवीस तास नर्स हवी असेल तर नर्सिंग होम, म्हणजे इथे छोटं हॉस्पिटल नव्हे, दीर्घकाळ राहण्याचं शुश्रूषागृह.

या सगळ्या सोयी एकाच आवारात देणारी संकुलंही असतात. तिथे प्रवेश बहुधा हिंडतं-फिरतं असतानाच मिळतो. ‘गरज पडली की बघू’ म्हणणाऱ्यांची संधी इथेच हुकते.

कागदपत्रांत ओळखपत्र, वयाचा पुरावा, उत्पन्न आणि बचतीचे पुरावे, आरोग्य विम्याची प्रत, जवळच्या दोन माणसांचे नंबर ही नेहमीची यादी. डॉक्टरांचं प्रमाणपत्र अलीकडचं लागतं. त्यासोबत औषधांची मात्रेसह यादी, ॲलर्जी, लसीकरणाची नोंद आणि अनेकदा क्षयरोगाची तपासणी. सर्वांत आधी करायचा कागद म्हणजे मुखत्यारपत्र. देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळत असतानाच ते करता येतं. विसरण्याचा आजार बळावल्यावर धावाधाव केली तर सही घेऊनही उपयोग नसतो.

‘औषधं स्वतः घेतात का?’ या ओळीपुढे मुलगा ‘होय’ लिहून मोकळा होतो. शुक्रवार उजाडलेला असतो आणि गोळ्यांच्या डबीत मंगळवारचा कप्पा तसाच भरलेला. हे प्रेमापोटी होतं, पण महागात पडतं : खरी गरज नंतर उघड झाली की दर वाढतो किंवा पुन्हा हलवावं लागतं. त्यामुळे मूल्यांकनाच्या दिवशी घर आवरू नका आणि आईवडिलांच्या वतीने उत्तरं देऊ नका.

करारात तीन कलमं दोनदा वाचा : प्रवेश रक्कम कधी आणि किती परत मिळते, हॉस्पिटलात असताना खोली राखून ठेवतात का, आणि कोणत्या अवस्थेत निवास सोडायला सांगतात. तिसरं बहुतेक जण वाचतच नाहीत.

काही ठिकाणी आधी थोडे दिवस राहून बघता येतं. राहिलात तर मध्यरात्री एकदा मदतीची घंटा दाबा आणि कुणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा.